चावी हातात, इंजिन चालूच

त्या शनिवारी सकाळी आठ वाजायच्या आत रादिसावला तीन जणांनी गाडी कशी चालवायची ते शिकवलं, आणि तिघांपैकी एकाकडेही डिझेल गाडी नव्हती.

पहिला खालच्या मजल्यावरचा शेजारी. कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला आणि व्हॅनजवळ थांबला. "उणे सोळा आहे आज. ॲक्सिलरेटर चार-पाचदा दाबून घे आधी, मग चावी फिरव."

"डिझेलला दाबून काही होत नाही," रादिसाव म्हणाला.

"तरी दाब," म्हणून शेजारी निघून गेला.

दुसरी बेकरीवाली. पाव बांधून देता देता म्हणाली, की तिचा भाऊ टाकीत थोडं पेट्रोल घालतो, म्हणजे डिझेल गोठत नाही. रादिसाव म्हणाला, "भावाला सांग, पंप फुकट घालवशील." ती म्हणाली, "त्याचा ट्रॅक्टर आहे हो, पंप नाही." रादिसावने पाव उचलला आणि बाहेर पडला. एकतीस वर्षं नोव्हा वारोशच्या बस डेपोत डिझेल इंजिनं उघडून पुन्हा बसवण्यात गेली होती त्याची, आणि निवृत्त झाल्यावर अख्ख्या गावाला वाटत होतं की त्याला काहीतरी शिकवायचं राहून गेलंय.

तिसरा त्याचा साडू, मिलोयको. त्याने शिकवलं नाही. तो येऊन थेट व्हॅनच्या ड्रायव्हर सीटवर बसला.

"उठ तिथून," रादिसाव म्हणाला.

"ल्युबिंकाने सांगितलंय."

ल्युबिंका मिलोयकोची बायको, आणि रादिसावच्या बायकोची, कोसाराची, धाकटी बहीण. ती मागचं दार उघडून चीज भरलेल्या पिटाची परात, भाजलेलं डुकराचं मांस, कायमाकचा म्हणजे घट्ट सायीचा डबा असं एकेक आत ठेवत होती. कोसाराला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याला थडग्यावर जेवण न्यायचं, पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हणायची, आणि हे सगळं दुपारी बाराच्या आत. बारा वाजून गेल्यावर मेलेल्यांकडे कोणी अन्न घेऊन जात नाही. कोसाराला स्वतःच्या आईशेजारी पुरायचं होतं, वर डोंगरात, माहेरच्या गावी, आणि रादिसावने तिला तिथेच पुरलं होतं. तीस किलोमीटर, त्यातले शेवटचे अकरा नुसता चढ.

"दाजी, आज तुम्ही गाडी चालवायची नाही," ल्युबिंका आतूनच म्हणाली. "ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने आजच्या दिवशी चाक हातात घ्यायचं नसतं."

"हे कुठे लिहिलंय?"

"आमच्याकडे असंच आहे. शिवाय तुम्ही झोपलेला नाहीत. डोळे बघा आरशात."

"मला डोळ्यांनी नाही, कानांनी गाडी चालवता येते. ह्याला बघ. पेट्रोलवाला माणूस आहे हा."

"माणूस आहे, पेट्रोलवाला नाही," मिलोयको म्हणाला. "बसा साडूबुवा. हे मांडीवर घ्या."

आणि त्याने उकडलेल्या गव्हाचं भांडं रादिसावच्या हातात दिलं. अक्रोड घालून, वर साखर पेरून, मधोमध मेणबत्ती खोचलेलं. ते कुठे ठेवून देता येत नाही, कोणीतरी धरून बसावं लागतं. रादिसाव ते घेऊन शेजारच्या सीटवर बसला. दोन्ही हात त्यातच गुंतले, म्हणजे मिलोयकोच्या गिअरवर झडप घालायचीही सोय राहिली नाही. ल्युबिंकाने हे मुद्दाम केलं असणार, असं त्याला वाटलं. कोसारानेही हेच केलं असतं.

साडवांचं हे भांडण तीस वर्षांचं होतं. मिलोयकोकडे एक पिवळी पेट्रोल गाडी होती, ती कधी धड चालायची नाही आणि कधी पुरती बंदही पडायची नाही. ती जेवढं पेट्रोल प्यायची त्याच्या निम्मं ऑइल प्यायची. मिलोयको डिकीत ऑइलची बाटली घेऊनच हिंडायचा, आणि घाट लागला की आधी थांबून बॉनेट उघडून थोडं ओतायचा, माणूस चढावर पाणी पितो तसं. रादिसावला ते बघवायचं नाही. मिलोयको म्हणायचा, तुझी जर्मनीहून आलेली मोठी व्हॅन तुला लखलाभ, माझी गाडी मी स्क्रूड्रायव्हरने दुरुस्त करतो.

रादिसावने चावी फिरवायला सांगितली. मिलोयकोने फिरवली आणि लगेच आणखी पुढे फिरवायला गेला.

"थांब! पिवळा दिवा विझू दे."

"कसला दिवा?"

"आत गरम होतंय. तुझ्या गाडीत ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं. ह्यात ठिणगी नाही. हवा इतकी दाबतात की तीच तापते, आणि तापलेल्या हवेवर डिझेल पेटतं. थंडीत ती हवा तापायला मदत लागते. विझला? आता फिरव."

इंजिन एका दमात लागलं. मिलोयकोने लगेच रेस केली.

"अरे रेस कशाला करतोस! ऑइल अजून वर चढलं नाही, टर्बो कोरडा फिरतोय!"

"सवय आहे," मिलोयको म्हणाला. "माझी रेस नाही केली तर मरते."

"ही नाही मरत."

गाव संपेपर्यंत मिलोयकोने प्रत्येक गिअर इतका ताणला की व्हॅन किंचाळायला लागायची, मग पुढचा टाकायचा. रादिसाव भांडं धरून बसला होता आणि प्रत्येक वेळी दात आवळत होता. शेवटी त्याला राहवेना.

"चौथा टाक."

"उचलणार नाही."

"उचलेल. टाक तर."

मिलोयकोने चौथा टाकला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही. मिलोयको म्हणाला, "बघ," आणि तेवढ्यात व्हॅन मागून कोणी ढकलल्यासारखी पुढे झाली.

"ही पाय दाबला तरी आधी विचार करत बसते," मिलोयको म्हणाला.

"विचार करत नाही. टर्बो फिरायला वेळ लागतो. सायलेन्सरकडे जाणारा धूर एक चाक फिरवतो, ते चाक आणखी हवा आत ढकलतं, मग जोर येतो. आधी धूर व्हायला पाहिजे की नको? पेट्रोल गाडीला वरच्या रेसमध्ये जोर असतो, हिला खालीच असतो. म्हणून ताणायची नाही. दाबायचं आणि थांबायचं."

"म्हणजे स्वतःचाच धूर पिऊन चालते."

"धूर पीत नाही! धुराने चाक..." रादिसाव थांबला. एवढं सांगून काही फायदा नव्हता. तीस वर्षं हा असाच ऐकत होता.

"दाजी, भांडं सांभाळा," मागून ल्युबिंका म्हणाली.

"सांभाळलंय."

"वाकडं झालंय."

नऊ पन्नासला घाट सुरू झाला. रस्त्याचा बर्फ काढलेला होता, पण सावलीतल्या वळणांवर अजून कडक पट्टे होते. मिलोयकोने तिसरा टाकला, मग दुसरा, आणि पाय खालपर्यंत दाबून ठेवला. रादिसाव म्हणाला, "तिसऱ्यातच ठेव." मिलोयको म्हणाला, "साडूबुवा, मी चढावर लहानाचा मोठा झालो." रादिसावने खिडकीतून बाहेर बघायचं ठरवलं. पाद्रीबाबांनी अकरा सांगितले होते. वेळ होता. फक्त गप्प बसायचं होतं, आणि एवढं एक काम तो करू शकत होता.

सहावं वळण सगळ्यात उभं. तिथे व्हॅनचं नाक वर झालं, आणि रादिसावच्या कानाला काहीतरी खटकलं. इंजिनाचा आवाज चढत होता. मिलोयकोच्या पायाशी त्याचा मेळ लागत नव्हता.

"पाय काढ," तो म्हणाला.

"काढलाय."

"काढ म्हणतोय ना!"

"अरे काढलाय! बघ!" मिलोयकोने गुडघा वर उचलून दाखवला. आवाज वाढतच होता. व्हॅन आपल्या आपण चढावर पळत होती. मिलोयको घाबरला, त्याने ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम दाबले आणि हँडब्रेक ओढला. व्हॅन उभी राहिली, पण क्लच दाबल्याबरोबर इंजिनावरचं ओझं सुटलं आणि ते असं किंचाळलं की ल्युबिंकाने कानांवर हात ठेवले. मागे पांढरानिळा धूर एवढा झाला की वळण दिसेना.

मिलोयकोने चावी बंद केली.

काही फरक पडला नाही.

त्याने चावी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली, बाहेर काढली आणि रादिसावच्या नाकासमोर धरली. "चावी काढली! हे बघ, चावी माझ्या हातात आहे!"

"पाचवा टाक! ब्रेक दाबून धर, क्लच सोड!"

"चावी काढली म्हणतोय ना मी!"

"ऐकणार नाही ते चावीचं! ऑइल खातंय स्वतःचं! पाचवा टाक!"

पेट्रोल गाडीची चावी काढली की ठिणगी जाते आणि गाडी मरते. मिलोयकोने आयुष्यभर हेच केलं होतं, आणि आता जगातली एक साधी, पक्की गोष्ट त्याच्या हातात असूनही उपयोगी पडत नव्हती. त्याने दार उघडलं आणि तो बाहेर उडी मारून बर्फात उभा राहिला, चावी तशीच वर धरून.

रादिसावने गव्हाचं भांडं मागे ल्युबिंकाकडे ढकललं. गिअरच्या दांड्यावरून पाय टाकून तो ड्रायव्हर सीटवर आला, एक गुडघा आपटला, ब्रेक पूर्ण दाबला, क्लच दाबला, पाचवा टाकला आणि क्लचवरून पाय एकदम काढला. व्हॅन पुढे झेपावली, सगळी थरथरली, मागे परातीवर परात आपटली, आणि इंजिन बंद पडलं.

इतकी शांतता झाली की मिलोयकोचा श्वास ऐकू येत होता.

"मेलं?" त्याने विचारलं.

"चावी दे," रादिसाव म्हणाला.

"कशाला? आता तर..."

"स्टिअरिंग लॉक होतं. मागे सपाटीवर घ्यायचीय गाडी. चावी दे, आणि जिथे उभा आहेस तिथून बाजूला हो, नाहीतर तुझ्याही चाळिसाव्याला मलाच यावं लागेल."

त्याने व्हॅन वीस पावलं मागे सोडत वळणाच्या रुंद, सपाट जागेत आणली आणि खाली उतरला. घड्याळात दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. वर कबरस्तानापर्यंत अजून सात किलोमीटर. रादिसावने बॉनेट उघडलं. हवेच्या पाइपातून ऑइल ठिबकत होतं, जिथे एक थेंबही असायला नको होता; तेच आत जाऊन डिझेलसारखं पेटत होतं. त्याने ऑइल मोजायची पट्टी काढली, कागदाने पुसली, पुन्हा घातली, काढली.

वरच्या खुणेच्या वर तीन बोटं.

"मिलोयको."

"काय?"

"इकडे ये."

मिलोयको आला, पण हातभर लांब थांबला.

"ह्यात ऑइल कोणी घातलं?"

मिलोयको बर्फाकडे बघायला लागला. ल्युबिंका खाली उतरली होती. तिने एका नजरेत सगळं ओळखलं.

"घातलंस?"

"काल संध्याकाळी. एकच लिटर. घाट चढायचा म्हणून. साडूचं आजकाल लक्ष नाही, म्हटलं आपण बघावं. चांगलं ऑइल होतं, माझ्या गाडीत मी असलं घालत नाही."

"पट्टी बघितलीस घालायच्या आधी?"

"पट्टी बघून काय करायचंय? ऑइल जास्त असलेलं बरंच की."

ल्युबिंकाने डोक्यावरचा काळा रुमाल सोडला आणि पुन्हा आवळून बांधला. तिचा राग असाच निघायचा आधी. "माझी बहीण वर वाट बघतेय. आज. चाळिसावा दिवस. आणि ह्या माणसाला ऑइल ओतायचं सुचलं. कोणी सांगितलं होतं तुला? हात का वळवळतात तुझे? दाजींची गाडी, दाजींचं इंजिन, दाजींनी एकतीस वर्षं हेच केलं, आणि तू! तुझी ती पिवळी डबडी एक चालवता येत नाही सरळ!"

"मी चांगल्यासाठीच..."

"चांगल्यासाठी! चांगल्यासाठी तू माझ्या आईच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली होतीस!"

 मिलोयकोने टोपी काढून हातात घेतली होती आणि तिचे कान चुरगाळत होता. 

रादिसावलाही बोलायचं होतं. सकाळपासून साचलेलं सगळं घशाशी आलं होतं आणि आता त्याला पूर्ण हक्क होता. त्याने पट्टीवरचं ऑइल दोन बोटांत घेतलं आणि बोटं चोळली, सवयीने, डेपोत हजार वेळा केलं होतं तसं.

ऑइल पाण्यासारखं पातळ होतं.

त्याने बोटं नाकाशी नेली. डिझेलचा वास आला.

एका लिटरने पट्टीवर एक बोट चढतं. हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मिलोयकोचं ऑइल घट्ट आणि चांगलं होतं. मग दोन बोटं कुठून आली, आणि पातळ कशाने झालं?

तो तसाच उभा राहिला. ल्युबिंका अजून बोलत होती. विहिरीवरून ती आता लग्नातल्या कुठल्या तरी गोष्टीवर गेली होती. रादिसावला जानेवारीच्या शेवटी डॅशबोर्डवर लागलेला पिवळा दिवा आठवला. काजळी धरून ठेवायच्या फिल्टरचा. डिझेल गाडीत तो फिल्टर भरतो, आणि तो जाळायला गाडी अर्धा तास तरी मोठ्या रस्त्यावर पळवावी लागते. इंजिन त्यासाठी जादा डिझेल सोडतं. अर्ध्यात गाडी बंद केली तर ते डिझेल जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. रोज थोडं. ऑइल वर चढत जातं. डेपोतून निवृत्त होताना शेवटच्या वर्षी त्याने हेच नव्या ड्रायव्हरांना ओरडून ओरडून सांगितलं होतं. दिवा लागला तेव्हा त्याने बघितला होता. रविवारी नेऊ गाडी लांब, म्हणाला होता. कुठलाच रविवार तसा आला नाही. चाळीस दिवसांत त्याने पट्टी एकदाही काढली नव्हती.

"ल्युबिंका," तो म्हणाला.

ती थांबली नाही.

"ल्युबिंका, पुरे. एक लिटर त्याचं. बाकी माझं."

"काय बाकी?"

"वरची दोन बोटं. ते डिझेल आहे. थंड गाडी काढायची, किलोमीटरभर न्यायची, परत आणून बंद करायची. त्याने होतं. त्याचं लिटर नसतं तर आज नाही, पुढच्या आठवड्यात झालं असतं."

मिलोयकोने मान वर केली. ल्युबिंका रादिसावकडे बघत राहिली. "पण तुम्ही तर कुठे जात नव्हतात, दाजी. बाजारहाट मीच आणून देत होते. कुठे जायचात?"

"शाळेपर्यंत."

कोसारा बावीस वर्षं गावाच्या टोकाच्या शाळेत स्वयंपाक करायची. दोनला सुटायची. रादिसाव निवृत्त झाल्यापासून तिला आणायला जायचा.

"दोन वाजता गाडी काढायचो," तो म्हणाला. "फाटकापाशी उभा राहायचो दहा मिनिटं. मग परत."

"इंजिन चालू ठेवून?" मिलोयकोने विचारलं.

"चालू ठेवून. थंडी होती."

"रोज?"

"रोज कसं? शनिवार-रविवार शाळा नसते."

 ल्युबिंकाने रुमाल पुन्हा सोडला, पण बांधला नाही. रादिसावने पट्टी पुसून जागेवर घातली आणि बॉनेट खाली टाकलं, हवं त्यापेक्षा जोरात.

"मी आता हिला चालू करणार नाही," तो म्हणाला. "केली तर पुन्हा पळेल. बारा वाजेपर्यंत सात किलोमीटर चालत होणार नाहीत. बर्फात तर नाहीच."

"वुकोमानला फोन करा," ल्युबिंका म्हणाली. वुकोमान तिचा आणि कोसाराचा भाऊ, वरच राहायचा. "ट्रॅक्टर आणेल."

मिलोयकोने फोन काढून बघितला. घाटात फोन लागत नव्हता. त्याने तो वर धरला, बाजूला धरला, चार पावलं चढून धरला.

"चावीसारखा धरू नकोस," रादिसाव म्हणाला, "काही होत नाही त्याने."

अकराला दहा कमी असताना खालून एक इंजिन ऐकू आलं. बारीक, कडकड करणारं, प्रत्येक गिअर ताणणारं. रादिसावने न बघताच सांगितलं, "पेट्रोल. तीन सिलिंडरवर चाललीय, चौथा प्लग गेलाय." वळणावरून पाद्री गावरिलोबाबांची छोटी लाल गाडी आली, पुढच्या चाकांना साखळ्या बांधलेली. पाद्रीबाबांनी काच खाली केली. गाडीत शेवाळी रंगाच्या घोंगडीत गुंडाळलेले स्टोव्हचे पाइप मागच्या सीटवर आडवे टाकलेले होते.

"मला वाटलं तुम्ही पोचला असाल," ते म्हणाले. "डिझेल गाडी ना तुमची?"

"पाइप काढा, बाबा," ल्युबिंका म्हणाली.

पाइप काढून व्हॅनमध्ये टाकले. पराती लाल गाडीत गेल्या, त्यांच्यावर ल्युबिंका, तिच्या मांडीवर गव्हाचं भांडं. पुढच्या सीटवर रादिसाव आणि मिलोयको दोघे. मिलोयको दाराला चिकटून बसला होता आणि अर्धा दाराबाहेर असल्यासारखा दिसत होता. पाद्रीबाबांनी गाडी पहिल्यात काढली आणि दुसऱ्यात टाकली. गाडी लगेच मरायला लागली.

"तिसऱ्यात टाका," रादिसाव म्हणाला. "खालीच जोर..."

"नाही, नाही, नाही!" मिलोयको ओरडला. "बाबा, ह्याचं ऐकू नका! पहिल्यातच ठेवा! रेस करा! आणखी! किंचाळू दे तिला! पेट्रोल आहे ही, खाली काही नसतं तिच्यात, वरच असतं सगळं!"

पाद्रीबाबांनी रेस केली. गाडी किंचाळली आणि चढायला लागली.  मिलोयको बरोबर होता, आणि हे ऐकत बसणं हे त्या सकाळचं सगळ्यात अवघड काम होतं.

वर पोचायला दोन किलोमीटर राहिले तेव्हा गाडी खरोखरच थांबली. साखळ्या बर्फात नुसत्या फिरत होत्या. अकरा एकवीस. दोघे साडू खाली उतरले आणि मागे जाऊन ढकलायला लागले. चिखलमिश्रित बर्फ रादिसावच्या काळ्या पँटवर उडत होता.

"आता ढकल!" मिलोयको म्हणाला.

"ढकलतोय!"

"एकसारखं ढकलू नकोस, झटक्याने! गाडी मागेपुढे झुलव आधी! बाबा, रेस कमी करू नका! रादिसाव, आता! तू थांबतोस काय प्रत्येक वेळी, टर्बो आहेस का?"

रादिसावने ढकललं. त्याच्या छातीत कळ आली, श्वास पुरेना, आणि मिलोयकोचं ओरडणं कानात जात होतं. चौथ्या झटक्याला साखळ्यांनी बर्फाखालची खडी पकडली आणि गाडी निघाली. पाद्रीबाबा थांबले नाहीत. थांबले असते तर पुन्हा अडकली असती. ल्युबिंकाने मागच्या काचेतून हात केला. दोघे साडू मागून पळत सुटले, दोघेही साठीच्या पुढचे, काळे कोट घातलेले, एकमेकांच्या बाहीला धरून.

"तुझ्यामुळे," रादिसाव पळता पळता म्हणाला.

"एक लिटर," मिलोयको म्हणाला. "एकच बोट."

अकरा अठ्ठेचाळीसला ते कबरस्तानाच्या फाटकातून आत शिरले. वुकोमानने फावड्याने थडग्यापर्यंत वाट केली होती. पाद्रीबाबांनी गळ्यात प्रार्थनेचा पट्टा घातला होता आणि ते घड्याळाकडे बघत होते. त्यांनी वाट बघितली होती, पण जेमतेम. मेणबत्ती वाऱ्यात तीनदा विझली, चौथ्यांदा ल्युबिंकाने कोटाआड धरली. पाद्रीबाबांनी भराभर म्हटलं, नेहमीपेक्षा बरंच भराभर. गव्हावर वाइन ओतली आणि भांडं एकेकाकडे फिरवलं. प्रत्येकाने चमचाभर गहू खाल्ला. बारा वाजायला दोन मिनिटं होती तेव्हा शेवटचं आमेन झालं.

वुकोमानने रकिया, घरची फळांची दारू, ओतली. रादिसावने पहिला घोट मातीवर सांडला, जसा सांडतात, आणि उभा राहिला. चाळीस दिवसांत तो इथे दोनदा आला होता, आणि दोन्ही वेळा एक शब्द बोलला नव्हता. लोक बोलतात थडग्याशी. त्याला ते कधी जमलं नाही.

"कोसारा," तो म्हणाला, अजून दम लागलेला. "तुझा मेहुणा काय करून बसला माहीत आहे का? इंजिनात ऑइल ओतलं. न बघता. मग गाडी घाटात पळाली, आणि हा चावी काढून बाहेर उभा. चावी दाखवतोय मला! मी सांगतोय पाचवा टाक, आणि हा चावी दाखवतोय. तुझ्या बहिणीने मला गव्हाचं भांडं देऊन बसवलं होतं, म्हणून काही करता आलं नाही. मग पाद्रीबाबांची ती गाडी, तीन सिलिंडरवर चाललेली. मी ढकलून आलोय वरपर्यंत. पँट बघ माझी."

 वुकोमान दुसरीकडे बघत होता. पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं आणि हळूच दोन पावलं मागे गेले.

"आणि दोन बोटं माझी," रादिसाव म्हणाला. "पट्टी बघायची राहिली. मीच."

मग तो थांबला. सांगायचं ते सांगून झालं होतं. पुढे काय बोलायचं ते त्याला सुचेना. तो ग्लास हातात धरून क्रुसावर लावलेल्या तिच्या फोटोसमोर उभा राहिला, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. ल्युबिंका पुढे व्हायला लागली. मिलोयकोने तिला कोपराने अडवलं.

"आणि फिल्टरचं सांग की तिला," मिलोयको म्हणाला. "मी दोन वर्षांपूर्वी म्हटलं होतं, कापून टाक तो फिल्टर. सगळे कापतात. ऐकलंस?"

रादिसाव झटकन वळला. "कापून टाक? कापून टाक म्हणे! कोसारा, ऐकलंस? ह्याचं काय म्हणणं आहे ते ऐक. ह्याला वाटतं फिल्टर म्हणजे टाकाऊ डबा आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं ह्याला, तू पण होतीस, स्वयंपाकघरात उभी होतीस तू..."